बोस्टनचा ताम्रकार पॉल रिव्हिअर

तांब्याशी आपल्या ज्ञातीचे नाते किती पिढ्यांचे आहे, हे ह्या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, पळी-पंचपात्र इत्यादी वस्तू ज्या हातांनी घडविल्या, ते हात आपल्याच आजा-पणजांचे होते. परंतु तांब्याचा एक उपयोग असा आहे की, जो आपल्या आळीत क्वचितच पाहावयास मिळतो. तो म्हणजे इमारतींची छपरे. युरोप व अमेरिका ह्या खंडांत चर्चे, नगरगृहे, विधिमंडळे अशा सार्वजनिक वास्तूंवर तांब्याचे पत्रे चढविण्याची चाल जुनी आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात मॅसॅच्युसेट्स राज्याचे विधानगृह आहे. त्याचा लाकडी घुमट गळू लागला, तेव्हा त्यावर तांबे चढवून ती वास्तू ज्याने पाण्यापासून राखिली, त्या कारागिराचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे योजिले आहे. त्याचे नाव पॉल रिव्हिअर. अमेरिकेतील शाळकरी मुलांस तो एका मध्यरात्रीचा घोडेस्वार म्हणून ठाऊक असतो. प्रस्तुत लेखकाचे लक्ष मात्र त्याच्या घोड्यापेक्षा त्याच्या भट्टीकडे अधिक आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

पॉलचा पिता मूळचा फ्रेंच. त्याचे नाव अपोलो रिव्ह्वार. फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांचा छळ होत असे. त्यामुळे हा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी एकटाच समुद्र ओलांडून बोस्टनला आला आणि जॉन कोनी नावाच्या नामांकित सोनाराकडे उमेदवार म्हणून राहिला. पुढे स्वतःचे दुकान थाटल्यावर इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेस सोपे जावे म्हणून त्याने आपले नाव बदलून पॉल रिव्हिअर असे केले. त्याने डेबोरा हिचबॉर्न ह्या बोस्टनच्याच मुलीशी विवाह केला. बापाचेच नाव लाभलेला आपला चरित्रनायक ह्या दांपत्याच्या पोटी जन्मास आला. नव्या कालगणनेप्रमाणे १ जानेवारी १७३५ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला.

मुलाचे शिक्षण बेताचेच झाले. लिहिणे, वाचणे व हिशेब येऊ लागताच तो बापाच्या दुकानी ऐरणीजवळ बसला. त्याच्या बालपणातील एक हकीकत मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्याच्या वस्तीजवळ क्राइस्ट चर्च नावाचे मंदिर होते. त्यालाच पुढे ओल्ड नॉर्थ चर्च म्हणू लागले. तेथील मनोऱ्यात इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटा टांगलेल्या होत्या. पॉल व त्याचे काही सवंगडी ह्यांनी आपसात रीतसर करारपत्र करून त्या घंटा वाजविण्याचे काम पत्करले. कामाची वाटणी कशी, नवा गडी कोणी व कसा घ्यावा, हे सर्व त्या पोरांनी कागदावर लिहून त्यावर सह्या केल्या. हा कागद अद्यापि उपलब्ध आहे. त्या मनोऱ्याशी आणि घंटांशी ह्या मुलाचा संबंध पुढे दोन निराळ्या प्रकारांनी येणार होता.

इ. स. १७५४ मध्ये पित्याचे निधन झाले. पॉल तेव्हा एकोणीस वर्षांचा. कायद्याने तो अजून सज्ञान नव्हता. परंतु आई, धाकटी भावंडे व दुकान ह्यांचा भार त्याच्यावर येऊन पडला. ज्या वयात मुलगा घरचा कर्ता होतो, त्या वयापासून त्याचा उल्लेख आदरार्थी करण्याची आपल्याकडे रीत आहे; तीच येथे पाळितो.

इ. स. १७५६ मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेत तोफखान्यातील दुय्यम अधिकारी म्हणून काही महिने काम करून रिव्हिअर परत आले. पुढच्याच वर्षी सेरा ऑर्न हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १७७३ मध्ये ती वारली. त्याच वर्षी त्यांनी रेचेल वॉकर हिच्याशी दुसरा विवाह केला. दोन्ही संसारांत मिळून सोळा अपत्ये झाली व त्यांतील कित्येक बालपणीच गेली. एवढे मोठे खटले चालवावयाचे, तर एकाच धंद्यावर भागणारे नव्हते. चांदीच्या कामास मागणी असे, तेव्हा किटल्या, पेले, चमचे घडवावेत. मंदी आली की तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून त्यांचे छाप विकावेत. तेही पुरेना तेव्हा दात बसविण्याची कला शिकून लोकांस कृत्रिम दात तारेने बांधून द्यावेत, असा त्यांचा क्रम होता. कोणतेही हातचे काम हलके मानावयाचे नाही हा त्यांचा स्वभावच होता. १७६८ च्या सुमारास प्रसिद्ध चित्रकार कॉप्ली ह्याने त्यांचे चित्र काढिले. त्यात अंगात कोट नाही, नुसता सदरा आहे, हातात चांदीची किटली आहे व समोर कोरणीची हत्यारे पडली आहेत. त्या काळी प्रतिष्ठित माणूस कामाच्या वेषात चित्रास बसत नसे.

ह्याच सुमारास इंग्लंडचे सरकार व अमेरिकेतील वसाहती ह्यांच्यामध्ये करांवरून बेबनाव वाढत चालला होता. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळातील ब्याण्णव सभासदांनी राजाच्या हुकमापुढे मान तुकविण्याचे नाकारिले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ रिव्हिअर यांनी १७६८ मध्ये एक चांदीचे पात्र घडविले. ते आज बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. ५ मार्च १७७० रोजी इंग्रज शिपायांनी बोस्टनच्या रस्त्यात गोळीबार केला व त्यात पाच माणसे मेली. ह्या घटनेचे रिव्हिअर यांनी कोरलेले चित्र घरोघर पोहोचले व लोकमत त्याने पेटून उठले. परंतु त्या चित्राचा मूळ आराखडा हेन्री पेलम नावाच्या दुसऱ्या एका तरुण चित्रकाराचा होता. त्याची परवानगी न घेताच तो उचलला गेला व पेलमने तशी तक्रारही केली. चरित्रनायक कितीही थोर असला तरी दुसऱ्याच्या हातचे काम आपले म्हणून विकणे कारागिराच्या धर्मात बसत नाही. हा दोष दोषच म्हणून नोंदविला पाहिजे.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या. त्या मंडळींत रिव्हिअर होते व ती वार्ता घेऊन लगेच न्यूयॉर्कला दौडत गेले तेही तेच. अशी जासुदी त्यांनी अनेकदा केली. त्यांतील जी एक फेरी जगप्रसिद्ध झाली ती १८ एप्रिल १७७५ च्या रात्रीची. इंग्रज फौज गुप्तपणे कूच करून कॉनकॉर्ड येथील दारूगोळा हस्तगत करणार अशी बातमी डॉ. जोसेफ वॉरन ह्यांस लागली. त्यांनी रिव्हिअर व विल्यम डॉज ह्या दोघांस निरनिराळ्या वाटांनी पाठविले. फौज नदी ओलांडून निघाली आहे ही खूण पलीकडच्या काठावर पोहोचावी म्हणून रिव्हिअर यांनी त्याच जुन्या चर्चच्या मनोऱ्यात दोन कंदील टांगण्याची व्यवस्था आधीच करून ठेविली होती. इंग्रजांच्या लढाऊ गलबताजवळून नावेने नदी पार करून व पलीकडे मागून घेतलेल्या घोड्यावर बसून ते लेक्सिंग्टनला पोहोचले आणि हॅनकॉक व सॅम्युएल अ‍ॅडम्स ह्या पुढाऱ्यांना त्यांनी सावध केले. पुढे कॉनकॉर्डच्या वाटेवर ते इंग्रज गस्तीच्या हाती सापडले. सुटका झाली, पण घोडा गेला. पहाटेच्या सुमारास पायी चालत ते लेक्सिंग्टनला परतले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली.

डॉ. वॉरन हे त्यांचे जिवलग मित्र होते. जून १७७५ मधील बंकर हिलच्या लढाईत ते कामास आले व शत्रूने त्यांस तेथेच पुरले. पुढच्या वर्षी इंग्रज बोस्टन सोडून गेल्यावर प्रेते उकरण्यात आली, तेव्हा ओळख पटण्यासारखे काहीच राहिले नव्हते. रिव्हिअर यांनी आपण स्वतः तारेने बांधून दिलेल्या दातांवरून मित्राचे शरीर ओळखिले. १७७७ मध्ये झालेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी जोसेफ वॉरन असे ठेविले. हाच मुलगा पुढे त्यांच्या तांब्याच्या धंद्याचा वारस ठरला.

युद्धात त्यांनी राज्यासाठी कागदी चलनाचे ठसे कोरिले, कँटन येथे बंदुकीच्या दारूचा कारखाना उभारण्यास साहाय्य केले व तोफखान्यात अधिकारपदही भूषविले. तथापि १७७९ ची पेनॉब्स्कॉटची मोहीम पूर्णपणे फसली. जहाजे बुडाली, जाळली गेली, आणि आज्ञाभंग व भ्याडपणा असे आरोप रिव्हिअर यांच्यावर आले. आरोप विसरले जाण्याची वाट न पाहता आपली लष्करी न्यायालयात चौकशी व्हावी म्हणून त्यांनीच पुनःपुन्हा अर्ज केले. अखेर १७८२ मध्ये ते निर्दोष ठरले. ह्या तीन वर्षांत त्यांच्या मनास काय यातना झाल्या असतील त्याची कल्पनाच करावी.

आता आपण भट्टीकडे वळू. युद्ध संपले तेव्हा रिव्हिअर पन्नाशीला टेकले होते. १७८८ मध्ये त्यांनी बोस्टनच्या उत्तर भागात धातू ओतण्याचा कारखाना काढिला. प्रथम लोखंडी सामान, मग पितळ व काशाच्या वस्तू, आणि १७९२ पासून घंटा. ज्या चर्चचे ते सभासद होते तेथील घंटा फुटली. ती दुरुस्तीसाठी इंग्लंडला धाडण्याऐवजी मीच नवी ओतून देतो, असे त्यांनी अंगावर घेतले. पहिल्या घंटेचा नाद ऐकणाऱ्यांस कर्कश वाटला. पण हात बसत गेला, नाद सुधारत गेला आणि त्यांच्या हयातीत त्या कारखान्यातून शंभराहून अधिक घंटा बाहेर पडल्या. १८१६ मध्ये किंग्ज चॅपलसाठी ओतलेली घंटा त्यांच्या घंटांतील सर्वांत वजनदार होय.

नवे राष्ट्र आपले आरमार उभारीत होते. लाकडी जहाजांस उष्ण समुद्रात एक प्रकारचा किडा लागतो व तो फळ्या पोखरतो. तळावर शेवाळ व शिंपल्यांचे थर जमून जहाजाची चालही मंदावते. ह्यावर उपाय म्हणून तळास तांब्याचे पत्रे ठोकण्याची पद्धत इंग्रज आरमारात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. पत्र्याखाली लोखंडाचे खिळे चालत नाहीत. दोन धातू व खारे पाणी एकत्र आले की लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. म्हणून खिळे व जाड कांबीही तांब्याच्याच हव्यात. आणि तांब्याच्या ओतीव कांबीवर घाव घालावा तर ती चिरते. तांब्यातील अशुद्ध भाग किती काढावा, भट्टी कुठवर तापवावी, कोणत्या उष्णतेस ठोकावे, ही सारी विद्या इंग्रज कारखानदारांनी गुप्त ठेविली होती. रिव्हिअर यांनी प्रयोगांवर प्रयोग करून ती आपल्या हाताने शोधून काढिली व आरमारास खिळे आणि कांबी पुरविल्या. कोणाच्या पुस्तकातून त्यांनी ती घेतली नाही. आपल्यांतील वडीलधाऱ्यांस भट्टीच्या ज्वाळेच्या रंगावरून तांबे आले की नाही ते कळत असे. त्यांना ह्या प्रयत्नाचे मोल वेगळे सांगावयास नको.

खिळे झाले, परंतु पत्रा अजून इंग्लंडहूनच येई. त्या काळी इंग्लंडचे तांबे कंपनीच्या जहाजांतून आपल्या मुंबई बंदरातही उतरत असे. ज्या राष्ट्राशी लढून स्वातंत्र्य मिळविले त्याच राष्ट्राकडून आपल्या आरमारासाठी पत्रा घ्यावयाचा, हे रिव्हिअर यांस खटकत होते. १८०१ मध्ये त्यांनी कँटन येथील जुन्या दारूखान्याची जागा खरेदी केली. ती बोस्टनच्या दक्षिणेस सुमारे पंधरा मैलांवर होती व चाके फिरविण्यास तेथे नदीचे पाणी होते. इंग्लंडहून रूळ आणविले. सरकारने १०,००० डॉलर कर्जाऊ दिले, १९,००० पौंड तांबे दिले व त्याची फेड पत्र्यांच्या रूपाने व्हावयाची होती. रिव्हिअर यांनी स्वतःची पुंजी घातली ती सुमारे २५,००० डॉलर. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते. वाचकहो, ह्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. सहासष्टाव्या वर्षी माणूस दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देतो, गावकीत दोन शब्द बोलतो व स्वस्थ बसतो. ह्या गृहस्थाने आयुष्यभराची मिळकत अशा एका कामात ओतली की जे त्या खंडात तोवर कोणास यशस्वीपणे साधले नव्हते. धंदा बुडता तर एवढ्या मोठ्या कुटुंबास आसरा उरला नसता.

पत्रा लाटण्याचे काम वरून सोपे दिसते. तांब्याची जाड लगड तापवून लाल करावयाची व एकावर एक बसविलेल्या दोन भक्कम लोखंडी रुळांच्या फटीतून ओढावयाची. फट कमी करीत पुन्हा पुन्हा तेच करावयाचे. परंतु आपल्या मठारकामात जो अनुभव येतो तोच येथेही. दाब बसत गेला की तांबे कठीण होते व कडा फाटू लागतात. म्हणून मधून मधून ते पुन्हा भट्टीत घालून मऊ करावे लागते. रुळांत बारीकशीही वक्रता राहिली तर पत्रा एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ उतरतो. कँटनच्या कारखान्याने ह्या अडचणी ओलांडल्या व उत्तर अमेरिकेतील पहिला यशस्वी ताम्रपत्र्याचा कारखाना अशी त्याची ख्याती झाली. जाता जाता एवढे नमूद करावेसे वाटते की, अशाच कारखान्यांचा पत्रा पुढे जगभर पसरला आणि घणाखाली लगड वाढवून पत्रा करण्याचे जे कष्टाचे काम हातांस मिळत असे ते गेले. त्याचा लाभ किती व हानी किती, ह्याविषयी ज्ञातीतील जुन्या माणसांत एकमत होणे कठीण आहे.

ज्या विधानगृहाचा आरंभी उल्लेख केला, त्याची कोनशिला ४ जुलै १७९५ रोजी बसविण्यात आली. चार्ल्स बुलफिंच हा तिचा वास्तुशिल्पी. ती शिला पंधरा पांढऱ्या घोड्यांनी ओढून नेली, कारण तेव्हा संघराज्यात पंधरा राज्ये होती. गव्हर्नर होते सॅम्युएल अ‍ॅडम्स, म्हणजे वीस वर्षांपूर्वी लेक्सिंग्टनला ज्यांना मध्यरात्री जागे केले तेच. त्यांच्या शेजारी समारंभास उभे होते पॉल रिव्हिअर. फ्रीमेसन मंडळाचे ते त्या राज्यातील प्रमुख होते व तो मान त्यांच्याकडे आला होता. त्याच वर्षी बोस्टनच्या कारागिरांनी आपला एक संघ स्थापन केला व त्याचे पहिले अध्यक्ष म्हणून रिव्हिअर यांचीच निवड झाली. चार वर्षे ते त्या पदावर होते. अडचणीत सापडलेल्या कारागिरांच्या कुटुंबांस साहाय्य करणे हे त्या संघाचे एक कार्य ठरले. आपल्यासारख्या संस्था चालविणाऱ्यांस त्याचे महत्त्व कळेल.

१७९८ च्या जानेवारीत विधिमंडळ नव्या वास्तूत आले. परंतु घुमट होता लाकडाचा, वरून लाकडी चिपांची कौले जडविलेली. सपाट उतरत्या छपरावर अशी कौले बरीच टिकतात. घुमटाची गोष्ट निराळी आहे. त्याची वक्रता प्रत्येक थराला बदलते. माथ्याकडे उतार जवळजवळ नाहीसा होतो व तेथे पाणी व बर्फ रेंगाळते. बोस्टनचा हिवाळा कडक. लाकूड उन्हात आक्रसते, पावसात फुगते, आणि त्या फटींत शिरलेले पाणी गोठून फट आणखी वाढविते. थोड्याच वर्षांत घुमट गळू लागला. ज्या गृहात राज्याचे कायदे व्हावयाचे तेथेच वरून पाणी ठिबकू लागले, हे शहरास लाजिरवाणे होते.

१८०२ मध्ये त्या घुमटावर रिव्हिअर यांच्या कारखान्याचे तांबे चढले. कारखाना सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. हा पत्रा फाटता किंवा सांध्यातून पाणी झिरपता, तर ती फजिती टेकडीच्या माथ्यावर साऱ्या शहरास दिसती व आरमाराचे कामही हातचे जाते. तांब्याचे छपर घालताना मुख्य कसब पत्रा ठोकण्यात नसून सांध्यात असते. तांबे उन्हाने वाढते व थंडीने आकसते. ते सर्व बाजूंनी घट्ट खिळले तर वर्षा-दोन वर्षांत खिळ्यापाशी फाटते. म्हणून शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडून सांधा करितात, की ज्यामुळे पाणी आत शिरत नाही व पत्र्यास हलावयास जागा राहते. तांबे लाकडाहून किती सरस ह्याचे कारणही आपणांस परिचित आहे. उघड्यावरच्या तांब्यावर जो हिरवट थर चढतो तो लोखंडाच्या गंजासारखा धातूस खात सुटत नाही; तो आतील धातूचे कवच बनतो. आपण चिंच लावून तो घासून काढितो, कारण भांड्यात अन्न व पाणी ठेवावयाचे असते. छपरावर तोच थर राहू देणे हिताचे.

घुमटाचे काम उतरले. त्यामागून १८०३ मध्ये कॉन्स्टिट्यूशन ह्या प्रसिद्ध लढाऊ जहाजाचा तळ रिव्हिअर यांच्या पत्र्याने मढविण्यात आला. १७९७ मध्ये ते जहाज प्रथम पाण्यात गेले तेव्हा त्यास इंग्लंडचा पत्रा होता. आता देशी पत्रा लागला. ते जहाज बोस्टनच्या बंदरात आजही पाहावयास मिळते. पुढे रॉबर्ट फुल्टन ह्याच्या आगबोटींच्या बॉयलरांसाठीही कँटनहून तांबे गेले. जोसेफ वॉरन ह्या मुलास पित्याने युरोपात पाठवून तेथील तांब्याचे कारखाने पाहून येण्यास सांगितले. आपण सर्व जाणतो असा समज त्यांनी कधी करून घेतला नाही.

१८११ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, रिव्हिअर निवृत्त झाले व कारभार मुलाच्या हाती गेला. १८१३ हे वर्ष त्यांस फार वाईट गेले. पत्नी रेचेल व थोरला मुलगा पॉल हे दोघेही त्याच वर्षी निवर्तले. १० मे १८१८ रोजी त्यांनी देह ठेविला. बोस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत हॅनकॉक व अ‍ॅडम्स ह्यांच्याच सान्निध्यात त्यांचे थडगे आहे. १७७० मध्ये त्यांनी घेतलेले लाकडी घर १९०८ पासून लोकांस पाहण्यासाठी खुले आहे. १८६१ मध्ये लाँगफेलो ह्या कवीची त्यांच्या घोडदौडीवरील कविता प्रसिद्ध झाली व तेव्हापासून ते घराघरांत पोहोचले; भट्टी मात्र त्या कवितेच्या सावलीत राहिली. जोसेफ वॉरन ह्याने १८२८ मध्ये कारखान्यास रीतसर कंपनीचे रूप दिले. रिव्हिअर हे नाव अमेरिकेच्या तांब्याच्या धंद्यात त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या चालत आले.

विधानगृहाच्या घुमटावरील तांब्यास निरनिराळे रंग देण्यात आले व १८७४ मध्ये त्यावर सोन्याचा वर्ख चढविण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात रात्री तो चकाकू नये म्हणून काळपट रंगाने झाकिला होता. १९९७ मध्ये वर्ख नव्याने दिला. प्रवासी त्यास सोन्याचा घुमट म्हणतात. वर्ख अर्थातच तांब्यावर आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या वेळी कोनशिलेतील जुनी पेटी बाहेर काढिली. ती पुढील महिन्यात उघडली, तेव्हा तीत जुनी नाणी, वर्तमानपत्रे, वॉशिंग्टनच्या मुद्रेचे तांब्याचे पदक व १७९५ च्या समारंभाचा मजकूर कोरलेला एक चांदीचा पत्रा निघाला. त्यावरील अक्षरे रिव्हिअर यांच्याच हातची असावीत असा जाणकारांचा तर्क आहे. काही दिवस त्या वस्तू लोकांस पाहू देऊन २०१५ च्या जूनमध्ये पेटी पुन्हा त्याच कोनशिलेत बसविण्यात आली.